नाण्यांतील ठसाभेद

एकाच राजाच्या, एकाच प्रकारच्या व सारख्याच मूल्याच्या नाण्यांत आकृती, चिन्हे वा अक्षरे यांच्या घडणीत आढळणारा आणि ती पाडण्यासाठी वापरलेल्या ठशांच्या भिन्नतेमुळे उद्‌भवणारा फरक म्हणजे ठसाभेद होय. नाण्यांचे दुर्मिळ प्रकार ओळखण्याचा तो मुख्य आधार आहे. तथापि त्याचे महत्त्व संग्राहकाच्या कुतूहलापुरते मर्यादित नाही. ज्या राजवंशांविषयी ग्रंथांतून व कोरीव लेखांतून अल्पच माहिती मिळते, त्यांच्या बाबतीत अशा फरकाचा अर्थ कसा लावला जातो, यावर राजे किती होऊन गेले व केव्हा, हेही ठरू शकते.

यंत्रे येण्यापूर्वी नाणी हाताने ठोकून पाडीत. एक ठसा ऐरणीत पक्का बसविलेला असे. त्यावर धातूची चकती ठेवून दुसरा ठसा वर धरीत आणि त्यावर घणाचा घाव घालीत. प्रत्येक ठसा हातानेच कोरलेला असल्यामुळे दोन ठसे तंतोतंत सारखे होणे जवळजवळ अशक्य होते. वरच्या ठशावर घाव थेट बसत असल्याने तो सामान्यतः लवकर झिजे किंवा फुटे व त्याच्या जागी नवा ठसा येई. त्यामुळे खालचा एकच ठसा वरच्या अनेक ठशांबरोबर वापरलेला आढळतो. असे समान दुवे जुळवीत गेल्यास नाण्यांची साखळी तयार होते. ठशाला तडा गेल्यास नाण्यावर बारीक उंचवट्याची रेघ उमटते. ही रेघ उत्तरोत्तर वाढत जात असल्याने ती ज्या नाण्यावर आखूड असेल, ते नाणे आधीचे, असा क्रमही लावता येतो.

प्रत्येक फरक हा ठसाभेद नसतो. चकती सरकल्याने छाप एका बाजूस पडणे, घाव दोनदा बसल्याने आकृती दुहेरी दिसणे, वापराने अक्षरे झिजणे व जमिनीतील क्षारांनी पृष्ठभाग खाल्ला जाणे ही कारणे नाणे पाडताना किंवा पाडल्यानंतर घडलेली असतात. म्हणून एकाच नाण्यावर दिसणारे वेगळेपण पुरेसा पुरावा ठरत नाही. तेच वेगळेपण त्याच जागी दुसऱ्या नाण्यावर आढळले, तरच ते ठशातील आहे असे मानणे सयुक्तिक होते. याच्या उलट, दोन नाण्यांचे ठसेच नव्हेत, तर चकतीच्या कडा, छापाचे सरकणे आणि पृष्ठभागावरील ओरखडेही जुळत असतील, तर ती एकाच नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली बनावट नाणी असण्याचा संभव असतो.

ठसाभेदाचा प्रश्न किती मूलगामी ठरू शकतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेला नाणेसंचय होय. त्यात क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याची सु. १३,२५० चांदीची नाणी होती. त्यांच्या एका बाजूवर राजाचे मस्तक व ग्रीक लिपीतील लेख, तर दुसऱ्या बाजूवर बाण व वज्र ही चिन्हे आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख आहेत. यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने चैत्य व उज्जयिनी चिन्ह यांची छाप स्वतःच्या नावासह पुन्हा मारलेली आहे. या नव्या छापेखाली जुनी आकृती पूर्णपणे बुजलेली नाही. मस्तकाचा एखादा भाग वा लेखातील चारदोन अक्षरे शिल्लक राहिल्याने मूळ नाणे ओळखता येते.

रेव्हरंड एच्‌. आर्‌. स्कॉट यांनी १९०८ मध्ये या संचयाचे विवेचन प्रसिद्ध केले. नहपानाची म्हणून असलेली मस्तके परस्परांहून फार भिन्न आहेत, असे त्यांच्या निदर्शनास आले. काही चेहरे तरुण तर काही वृद्ध दिसतात. नाकाची व हनुवटीची ठेवणही बदलते. ही एकाच माणसाची चित्रे असणे शक्य नाही. क्षहरात कुळातील निरनिराळ्या पुरुषांनी स्वतःचे मस्तक कोरवून घेतले व नाव मात्र मूळ पुरुष नहपानाचे ठेवले असावे, असा तर्क त्यांनी मांडला.

हा तर्क स्वीकारल्यास नहपानानंतर क्षहरातांच्या आणखी पिढ्या मानाव्या लागतात आणि नहपान व गौतमीपुत्र यांच्यामध्ये मोठे कालांतर पडते. उलट हे भेद कारागिरांच्या हातांतील फरकामुळे पडले असतील, तर दोघे जवळजवळ समकालीन ठरतात. या संचयात अन्य कोणत्याही क्षहरात राजाचे नाव असलेले नाणे नव्हते, तसेच गौतमी बलश्रीच्या नाशिक येथील लेखात तिच्या पुत्राने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे म्हटले आहे. यांमुळे आता बहुतेक अभ्यासक नहपान हा एकच राजा मानतात. ठशांची तुलना येथे निर्णायक ठरू शकते. कारण दोन भिन्न चेहऱ्यांच्या नाण्यांची मागील बाजू एकाच ठशाने पाडलेली असेल, तर ते चेहरे एकाच टाकसाळीत व थोड्याच काळाच्या अंतराने वापरले गेले, हे उघड होते. नहपानाच्या कारकीर्दीतील कोरीव लेखांत ४१ ते ४६ ही वर्षे येतात. ती शकाची मानल्यास त्यांचा काळ इ. स. ११९–१२४ येतो, ती राज्यवर्षे मानणाऱ्यांना वृद्धत्वाकडे झुकणारे चेहरे अनुकूल वाटतात. परंतु चेहऱ्यांतील फरक कारागिरांचा ठरल्यास हा आधार राहत नाही.

मराठेशाहीतील शिवराईचा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. शिवाजी महाराजांच्या या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असा लेख असे. महाराजांच्या पश्चात दीर्घकाळ हाच लेख चालू राहिला. त्यात ‘सिव’, ‘शीव’, ‘पती’ असे पाठभेद आढळतात. नाण्यावर साल नसल्यामुळे महाराजांच्या काळातील शिवराई निवडताना अक्षरांचे वळण, काठाची नक्षी व वजन यांचा एकत्र विचार करावा लागतो. लेखाच्या ओळींमध्ये दुहेरी आडवी रेघ असलेली दुदांडी शिवराई उत्तर पेशवाईतील मानली जाते. केवळ पाठभेद दिसला म्हणून नाणे दुर्मिळ वा प्राचीन ठरत नाही.

यंत्रयुगातील ठसाभेद पुष्कळदा हेतुपुरस्सर केलेले असतात. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ हे साल त्यानंतरही अनेक वर्षे कायम ठेवण्यात आले होते. त्या रुपयाच्या मागील बाजूस आढळणाऱ्या बारीक ठिपक्यांची संख्या व स्थान यांवरून, विशेषतः मुंबई टाकसाळीच्या बाबतीत, प्रत्यक्ष वर्ष ओळखण्याचा प्रयत्न नाणकशास्त्रज्ञांनी केला आहे.

ठशांचा अभ्यास पुष्कळ नाणी एकत्र पाहिल्याखेरीज होत नाही. संचयातील निवडक नाणी वेगळी काढून उरलेली वितळविली अथवा विखुरली गेली, तर ठशांमधील दुवे कायमचे तुटतात. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा गुप्त निधी सापडल्यास त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. या तरतुदीचे पालन झाल्यास सामान्य व झिजलेली नाणीही दुर्मिळ नाण्यांबरोबर अभ्यासकांपुढे येतात. आणि दुर्मिळ नाण्याचे स्थान त्या सामान्य नाण्यांच्या तुलनेतूनच निश्चित होते.