मोहाचे फूल आणि आबकारीचा अंमल

मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानात आणि त्यास लागून असलेल्या, इंग्रजी अंमलाखालील मोखाड्यात चैत्राच्या पहाटे जमिनीवर पडणारे मोहाचे फूल वारली, कोकणा, ठाकूर व कातकरी कुटुंबांचे अन्न होते, औषध होते आणि देवकार्यातील मद्यही होते. परंतु 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने घरगुती भट्टी गुन्हा ठरवून ताडाच्या झाडांवर कर बसविला, आणि 1892 च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलांच्या साठवणीवर व वाहतुकीवरही निर्बंध घातले; म्हणजे सरकारी महसुलाच्या रक्षणासाठी दुष्काळात पोट भरणारे अन्नच परवान्याच्या कक्षेत आले. 1948 साली जव्हार ठाणे जिल्ह्यात विलीन झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा लागू झाला. त्याच कायद्याच्या चौकटीत 2020 च्या टाळेबंदीत महाराष्ट्र शासनाने परवानाधारकांना घरपोच मद्य मिळण्याची मुभा दिली. मद्याचे दुष्परिणाम रोखणे हे राज्याचे कर्तव्य निःसंशय आहे. तथापि नागरी ग्राहकाच्या सोयीचा विचार करणाऱ्या शासनाने वनवासी गृहस्थाच्या अन्नाधिकाराचाही तितक्याच आस्थेने विचार करावा, हीच या इतिहासाची न्याय्य मागणी आहे.