बीड जिल्ह्यातील सेंद्रिय शेती

बीड जिल्ह्यातील सेंद्रिय शेती म्हणजे महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील बीड जिल्ह्यात रासायनिक खते, कीटकनाशके व जनुकीय बदल केलेले बियाणे न वापरता केली जाणारी शेती आणि तिच्या उत्पादनांची विक्रीव्यवस्था होय. जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो आणि येथील शेती मुख्यतः कोरडवाहू आहे. त्यामुळे येथे सेंद्रिय शेतीचा विचार आरोग्यापेक्षा उत्पादनखर्च व कर्ज यांच्या अंगाने अधिक होतो.

== पार्श्वभूमी ==

भारतातील आधुनिक सेंद्रिय विचाराची एक मुळी होळकर संस्थानातील इंदूर येथे सापडते. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ नंतर तेथे काडीकचरा व शेण यांपासून कंपोस्ट करण्याची पद्धत विकसित केली. ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. महाराष्ट्रात श्री. अ. दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने शेतकऱ्यांनी स्वतः प्रयोग करून ज्ञान वाटून घेण्याची परंपरा रुजवली. पुढे विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी ‘झिरो बजेट नैसर्गिक शेती’चा प्रसार केला, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र सेंद्रिय व नैसर्गिक शेती या एक नव्हेत. पाळेकर यांनी गांडूळखतासह विकतच्या सेंद्रिय निविष्ठांवरही टीका केली आहे.

== शेणाचा प्रश्न ==

सेंद्रिय शेतीचा पाया पशुधन असतो आणि बीडमध्ये नेमका तोच डळमळीत आहे. जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात स्थलांतर करतात. बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या मजुरांचे बैलही त्यांच्याबरोबर जातात. म्हणजे वर्षातील सुमारे सहा महिन्यांचे शेण गावाबाहेरच पडते. दुष्काळात उरलेली जनावरे विकली जातात किंवा चारा छावणीत नेली जातात. शेणखताला एकरी कित्येक गाड्या शेण लागते. जीवामृताची मागणी त्या मानाने फारच थोडी असते: साधारण एका एकरासाठी २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, प्रत्येकी २ किलो गूळ व बेसन आणि मूठभर माती. एकदोन जनावरांच्या शेतकऱ्यालाही ते करता येते. अर्थात जीवामृत हे जिवाणूंचे विरजण आहे, खताचा पूर्ण पर्याय नव्हे. जमिनीत सेंद्रिय पदार्थच नसतील तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो.

== पिके ==

कापूस हे जिल्ह्यातील प्रमुख नगदी पीक असून सेंद्रिय शेतीपुढील सर्वांत मोठी अडचणही तीच आहे. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाल्यानंतर देशातील बहुतांश कापूसक्षेत्र त्याखाली गेले. प्रमाणित सेंद्रिय कापसात बीटी बियाणे निषिद्ध असल्याने बिगर-बीटी बियाणे मिळवणे आणि शेजारच्या शेतातून होणारी सरमिसळ टाळणे या दोन्ही गोष्टी अवघड होतात. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यात मोठे नुकसान केले आणि बीटीवरील भरवसा कमी झाला. तथापि पर्यायी बियाण्यांचा पुरवठा त्या प्रमाणात वाढला नाही. तूर, ज्वारी, बाजरी, मूग व उडीद ही कमी निविष्ठांवर येणारी पिके सेंद्रिय पद्धतीस अधिक अनुकूल मानली जातात. गोदावरीकाठच्या व माजलगाव धरणाच्या लाभक्षेत्रातील उसाची स्थिती याहून वेगळी आहे.

बालाघाट डोंगररांगांतील सीताफळ हा स्वतंत्र विषय आहे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. डोंगरउतारावरील झाडांना सहसा खत किंवा फवारणी मिळत नाही, तरीही प्रमाणपत्राअभावी हे फळ ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही. भौगोलिक मानांकन उगमाची हमी देते, लागवडीच्या पद्धतीची नव्हे.

== प्रमाणीकरण ==

निर्यातीसाठी ‘राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमा’खाली त्रयस्थ संस्थेचे प्रमाणपत्र आवश्यक असते. देशांतर्गत विक्रीसाठी ‘सहभाग हमी पद्धती’ (पीजीएस) उपलब्ध आहे. तीत किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या परंपरागत कृषी विकास योजनेने या पद्धतीला अनुदानाची जोड दिली. हंगामी पिकांसाठी रूपांतरणकाळ साधारण दोन वर्षांचा, तर फळझाडांसाठी तीन वर्षांचा असतो. या काळात उत्पादन घटण्याची शक्यता असते आणि माल मात्र ‘सेंद्रिय’ या भावाने विकता येत नाही. अल्पभूधारक बहुधा येथेच थांबतो. त्यातच दुष्काळाचे वर्ष आले तर गटही मोडतो.

== बाजारपेठ ==

बाजार समितीच्या आडतीवर सेंद्रिय मालासाठी सहसा वेगळा भाव नसतो. सेंद्रिय तूर इतर तुरीत मिसळली की तिची ओळख संपते. त्यामुळे डाळ, ज्वारी व गूळ यांची पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगर येथील ग्राहकांना थेट विक्री, अथवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत विक्री, हे मार्ग उरतात. २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांनी पाकीटबंद सेंद्रिय अन्नावर ‘जैविक भारत’ चिन्ह आणले. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकांना मात्र प्रमाणपत्राच्या अटीतून सूट दिली. सीताफळाच्या बाबतीत अंतर हाच मोठा अडथळा ठरतो, कारण पिकलेले फळ दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक टिकत नाही. गर काढून गोठवणे हा त्यावरील प्रचलित उपाय असून त्यासाठी शीतगृह व अखंड वीजपुरवठा लागतो.

== शासकीय धोरण ==

राज्य शासनाने २०१८ मध्ये स्थापन केलेले डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन प्रारंभी विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपुरते होते. आत्महत्यांचा प्रश्न बीडमध्येही तितकाच गंभीर असूनही मराठवाडा त्यात नंतर, मिशनची व्याप्ती राज्यभर वाढवल्यावर, आला. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानास मंजुरी दिली.