उंचावरून पाहिलेली अंबरपेठ : एका जुन्या विमानचित्राचे वाचन

जुन्या छायाचित्रांविषयी आपणा सर्वांच्या घरी एक अनुभव समान असतो. चित्र जपून ठेवलेले असते. परंतु त्यातील माणसे कोण, हे सांगणारे वडीलधारे एकेक करून निघून गेलेले असतात. मग कोणी अदमासाने एक नाव सांगतो, दुसरा ते मागील बाजूस लिहितो आणि तिसऱ्या पिढीस तेच प्रमाण वाटू लागते. गावांच्या व शहरांच्या चित्रांची गतही याहून निराळी नाही.

नोकरीच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य हैदराबाद शहरातील अंबरपेठ भागात पुष्कळ वर्षे झाले. तेथील एका स्नेह्यांनी विमानातून घेतलेले एक जुने छायाचित्र दाखविले. त्यावर तारीख नव्हती. मागे पेन्सिलीने ‘नामपल्ली स्टेशन’ एवढेच लिहिलेले होते. आयुष्य कारकुनीत गेल्यामुळे दोन कागद जुळल्यावाचून नोंद पक्की करू नये, ही सवय हाडीमांसी खिळलेली. त्याच सवयीने हे चित्र वाचू लागलो.

सरळ खाली रोखून घेतलेल्या चित्रात इमारतीचा दर्शनी भाग दिसत नाही. दिसते ते छप्पर आणि त्याची सावली. म्हणून प्रथम दिशा ठरवावी. हैदराबादेत वर्षातील बहुतेक महिन्यांत मध्यान्हीची सावली उत्तरेकडे पडते; सकाळची पश्चिमेकडे आणि सायंकाळची पूर्वेकडे झुकते. दिशा ठरली की लोहमार्ग शोधावा. रस्ता कोणाचे कुंपण, कोणाची विहीर, कोणाचे देऊळ टाळीत वळणे घेत जातो. आगगाडीस तसे एकाएकी वळता येत नाही. त्यामुळे लोहमार्गाची रेषा लांबच लांब व सावकाश वळणारी असते. सखल जागी तो मातीच्या भरावावरून जातो आणि भरावाच्या एका अंगास सावलीची काळी किनार उमटते. स्थानकाजवळ एका रेषेच्या अनेक रेषा होतात आणि पुढे त्या पुन्हा एकत्र मिळतात.

या चित्रात तशी रेषा स्पष्ट होती. उत्तरेकडून ती स्थानकात येत होती, तेथून बाहेर पडून दक्षिणेस नदी ओलांडीत होती. येथेच पेन्सिलीच्या नोंदीविषयी शंका उत्पन्न झाली. वाडीहून सिकंदराबादेस १८७४ साली ब्रॉडगेज मार्ग आला. त्याचाच फाटा हैदराबादेत ज्या स्थानकात येऊन संपतो, ते नामपल्ली. त्या स्थानकाची इमारत १९०७ ची. तेथील मार्ग मुसी नदी ओलांडीत नाही. नदीवरील पुलावरून मलकपेठेकडे व पुढे फलकनुमाकडे जातो तो काचीगुड्याचा मार्ग. मधला मोठा घुमट व बाजूचे मिनार असलेली काचीगुड्याची इमारत १९१६ साली उभी राहिली. चित्रातील स्थानकाच्या छपरावरही घुमटाच्या गोल सावल्या पडलेल्या होत्या. पूल आणि घुमट अशा दोन साक्षी जुळल्या. स्थानक नामपल्ली नव्हे, काचीगुडा होते.

एका नावाच्या चुकीने काय बिघडते, असे कोणी विचारील. मराठी माणसाला तरी पुष्कळ बिघडते. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद असा मीटरगेज मार्ग हैदराबादेस जोडला गेला. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. कचेरीच्या कामास, शिक्षणास, पोटापाण्यास निघालेली तेथील माणसे याच मार्गाने येऊन काचीगुड्यास उतरत. हैदराबादेत मराठी मुलांसाठी विवेकवर्धिनी शाळा १९०७ साली निघाली, तीही याच येण्याजाण्याच्या काळात. चित्रावर नामपल्ली लिहिल्याने या सर्वांचे प्रवेशद्वारच पुसले जात होते.

स्थानक निश्चित होताच अंबरपेठ आपोआप जागेवर बसली. तिच्या पश्चिमेस काचीगुड्याचा लोहमार्ग, दक्षिणेस व पूर्वेस वळण घेणारी मुसी, उत्तरेस उस्मानिया विद्यापीठाचा परिसर. चित्राच्या वरच्या कडेस विद्यापीठाच्या कला महाविद्यालयाची भव्य इमारत पूर्ण झालेली दिसते. तिचे उद्घाटन १९३९ साली झाले. अर्थात चित्र त्या सुमाराचे वा त्यानंतरचे. मधल्या प्रदेशात मात्र आज जेथे घरांची दाटी आहे, तेथे शेतांचे तुकडे आणि पायवाटा दिसतात.

त्या शेतांत एक गुळगुळीत, काळसर डाग आहे. असे पाणी चित्रात बहुधा काळे दिसते. सूर्य नेमका समोर आला तर पांढरे चमकते. अंबरपेठेत बतुकम्मा कुंटा नावाचा तलाव आहे. बतुकम्मा हा तेलंगणातील स्त्रियांचा फुलांचा उत्सव. त्यातील फुलांची आरास शेवटी पाण्यात सोडतात. १९६२-६३ च्या नोंदींत या तलावाचे क्षेत्र १४ एकरांहून थोडे अधिक होते. पुढे भराव व अतिक्रमणे होऊन सुमारे ५ एकर जागा उरली आणि तेथे तलाव होता याचाही विसर पडू लागला. २०२५ साली शासनाच्या हैड्रा या यंत्रणेने ती जागा खोदली, तेव्हा पाणी लागले आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात तलाव लोकांस पुन्हा मिळाला. जुनी नोंद नसती, तर ते पाणी कोणाच्या स्मरणाने परत आले असते?

नदीचेही तेच. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीच्या महापुरात हजारो माणसे दगावली. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) ही धरणे झाली. तरीही २०२२ च्या जुलैत अंबरपेठेजवळचा मुसारामबागचा पूल पाण्यामुळे वाहतुकीस बंद ठेवावा लागला. चित्रात नदीकाठी दिसणारे फिकट वाळूचे पट्टे नुसते मोकळे रान नव्हते. ती नदीची स्वतःची जागा होती. रान म्हणून तिची नोंद झाली, की तेथे घर बांधण्यास हरकत उरत नाही.

चित्र परत करताना मागील जुनी अक्षरे खोडली नाहीत. त्यांखाली ‘काचीगुडा; आधार : मुसीवरील पूल व घुमट; १९३९ च्या सुमारास वा नंतर’ असे लिहिले. काळ्या डागापुढे मात्र ‘तलाव’ एवढाच शब्द घातला. सर्व्हेच्या नकाशाशी ताडून पाहिल्यावर स्नेह्यांनी त्यापुढे नाव भरावे.

आपल्या महाजन मंडळींच्या घरीही मंदिरांची, उत्सवांची, पूर्वजांची चित्रे असतील. ज्यांना त्यांतील जागा व माणसे ओळखता येतात, त्यांनी ती नावे आजच लिहावीत, आणि कशावरून ओळखले तेही लिहावे. ठाऊक नसेल तेथे जागा कोरी सोडावी. कोरी जागा पुढे कोणी तरी भरू शकतो; चुकीने भरलेली जागा सहसा कोणी तपासत नाही.