एक ग्रंथ, अनेक स्मृती: लीळाचरित्राच्या पाठभेदांचा धागा

सामायिक फोल्डरमधील एकच फाइल दोन संगणकांवर एकाच वेळी बदलली गेली, तर खरी कोणती मानावी? ड्रॉपबॉक्ससारखी सेवा याचा निवाडा करत नाही. ती दोन्ही प्रती राखते आणि एकीच्या नावात कोणाची प्रत, कोणत्या तारखेची, एवढे नोंदवून बाजूला होते. मराठीतील आद्य चरित्रग्रंथावर असाच प्रसंग सुमारे सातशे वर्षांपूर्वी ओढवला होता.

चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार आणि मेहकर ही दोन्ही गावे येतात. स्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी ऋद्धपूर येथे नागदेवाचार्यांकडून त्यांच्या आठवणी मिळवल्या. ज्यांच्याशी प्रसंग घडला, त्यांना शोधून त्यांच्याकडूनही त्या जाणून घेतल्या. इ. स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ आकाराला आले.

पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी, खलजी स्वाऱ्यांच्या धामधुमीत, मूळ पोथी नाहीशी झाली. ती चोरांनी लुटली, असे महानुभाव परंपरा सांगते. उरले ते अनुयायांचे पाठांतर. हीराइसा, रामेश्वरबास, परशरामबास अशांच्या स्मृतीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. मात्र एक नव्हे, अनेक. कोठे शब्द निराळा, कोठे प्रसंगाचा क्रम निराळा, कोठे एखादी लीळाच अधिक.

येथे पंथाने जे केले ते विलक्षण होते. एक पाठ प्रमाण ठरवून बाकीचे पुसून टाकणे सोपे होते. परंतु या ओळींत प्रत्यक्ष ईश्वराचे वचन आहे, ही अनुयायांची श्रद्धा. चुकीचे वगळताना खरेच वगळले गेले तर? म्हणून लेखनिक वेगळी आठवण ‘वासना’ म्हणून मजकुरातच नोंदवू लागले. पुष्कळदा ती कोणाची, हेही सांगू लागले. वासना म्हणजे येथे इच्छा नव्हे, तर मनावर उरलेला ठसा. पाठभेदासाठी याहून नेमका शब्द मराठीत क्वचितच सापडेल.

या पद्धतीला मर्यादाही होती. दोन्ही प्रती राखल्याने नुकसान टळते, निर्णय मात्र पुढे ढकलला जातो. प्रत्येक नव्या नकलेबरोबर एकाची वासना दुसऱ्याच्या मूळ मजकुरात मिसळण्याची भीती वाढते. त्यातच पोथ्या सांकेतिक सकळ लिपीत गेल्या आणि पंथाबाहेरच्या अभ्यासकांना शतकानुशतके मिटलेल्याच राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी ती लिपी उलगडली, तेव्हा कोठे तुलना शक्य झाली.

ह. ना. नेने आणि शं. गो. तुळपुळे यांनी लीळाचरित्र संपादिले. त्याच वाटेने पुढे गेले ते विष्णु भिकाजी कोलते, जन्म १९०८, गाव मलकापूर तालुक्यातील नरवेल. म्हणजे लोणार-मेहकरच्याच जिल्ह्यातले. त्यांनी निरनिराळ्या पोथ्या ताडून पाहिल्या. संगणक जे वाचणाऱ्यावर सोपवतो, ते काम संपादकाला ओळीओळीने करावे लागते: कोणता शब्द जुना, कोणता नकलाकाराने सोपा केलेला, कोणती भर नंतरची. त्यांचे संपादन महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले.