उपग्रह संकटसंदेश यंत्र (पायी भटकंतीसाठी)

मोबाइलची रेंज नसलेल्या मुलखात अडकलेल्या माणसाला थेट उपग्रहामार्फत मदत मागता यावी, म्हणून अंगावर बाळगायचे छोटे यंत्र. मुठीत मावणाऱ्या संकटसूचकापासून उपग्रह फोनपर्यंत त्याचे प्रकार आहेत. भारतात त्याची निवड किमतीवरून किंवा बॅटरीवरून सुरू होत नाही. कोणते यंत्र कायद्याने बाळगता येते आणि त्याची हाक कोणाच्या कानी पडते, हे दोन प्रश्न आधी येतात.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरचा झरी जामणी तालुका या दोन्ही प्रश्नांसाठी चांगले उदाहरण आहे. सागाचे जंगल, आत विखुरलेले कोलाम आदिवासींचे पोड म्हणजे वस्त्या, खाली पैनगंगा आणि नदीपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. शेजारच्या टिपेश्वर अभयारण्यातले वाघ या भागात ये-जा करतात. त्यांतल्याच एकाने उपग्रहावर आपली पायपीट नोंदवून ठेवली. टिपेश्वरात जन्मलेल्या ‘वॉकर’ या नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये गळपट्टा बसवण्यात आला. महाराष्ट्र आणि तेलंगणाचे जिल्हे ओलांडत, सुमारे नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरच्या आसपास चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. वाटेतली पाच हजारांहून अधिक ठिकाणे त्या पट्ट्यामुळे नोंदली गेली.

वॉकरचा गळपट्टा दोन वेगळी कामे करत होता. जीपीएस उपग्रहांचे संकेत ऐकून स्वतःची जागा ठरवणे हे एक, आणि ती जागा दूरच्या माणसांना कळवणे हे दुसरे. आपल्या फोनमध्ये पहिली सोय असते. दुसरीसाठी मोबाइलचा मनोरा लागतो. फोनमधले जीपीएस फक्त ऐकते, बोलत नाही. नकाशावर निळा ठिपका दिसतो आहे, म्हणजे आपणही कोणाला दिसत असू, हा समज जंगलात जिवावर बेतू शकतो.

बोलणाऱ्या यंत्रांत सर्वांत जुना आणि भरवशाचा प्रकार म्हणजे वैयक्तिक संकटसूचक, पीएलबी. तो ४०६ मेगाहर्ट्झवर कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेकडे संकेत पाठवतो. अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी शीतयुद्धाच्या काळात एकत्र येऊन ती उभारली आणि १९८२ मध्ये तिच्यामुळे पहिले प्राण वाचले. भारतात येणारे संकेत इस्रोच्या बंगळूरच्या केंद्रात पोचतात. पीएलबीला मासिक वर्गणी नाही आणि एकदा चालू केला की तो किमान चोवीस तास हाक देत राहतो. मात्र काय झाले, हे त्याला सांगता येत नाही. साप चावला की पाय मोडला, यातला फरक त्या बटणात मावत नाही. उपग्रह संदेशकात तो मावतो. दोन्ही बाजूंनी मजकूर जातो-येतो, घरच्यांना निरोप देता येतो. पण वर्गणी भरावी लागते आणि बॅटरी चार्ज करत राहावी लागते. दोन्ही समोर असतील, तर उत्तर येणारे यंत्र अधिक मोलाचे. हाक पोचली हे कळलेला माणूस जागा सोडून भरकटत नाही.

तरी ही तुलना आपल्याकडे बऱ्याच अंशी कागदावरच राहते. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यांनुसार परवानगीशिवाय उपग्रह संपर्कयंत्र बाळगणे गुन्हा ठरत आला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात थुराया फोन वापरला गेला आणि त्यानंतर हे नियम अधिक कडक झाले. थुराया आणि इरिडियम या सेवांना इथे मनाई आहे. अनेक लोकप्रिय संदेशक इरिडियमच्याच ६६ उपग्रहांवर चालतात. त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकाने प्रेमाने आणून दिलेला गार्मिन इनरीच संदेशकही या मनाईत सापडतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूला याच यंत्रासाठी अडवून ठेवले गेले. कायदेशीर वाट आहे ती बीएसएनएलची. इन्मारसॅटच्या आधाराने आणि गाझियाबादच्या भूस्थानकातून ही सेवा २०१७ मध्ये सुरू झाली, पण तिचे फोन हौशी भटक्यांपेक्षा शासकीय आणि आपत्ती यंत्रणांच्याच हाती अधिक दिसतात. पीएलबीलाही परवाना आणि नोंदणी लागते.

समुद्रावर जाणाऱ्यांसाठी वाट काढली गेली, हे मुद्दाम नोंदवायला हवे. इस्रोचे संकटसूचक मच्छीमारांच्या होड्यांवर २०१० पासून आहेत; नव्या पिढीच्या सूचकात ‘संदेश मिळाला’ असे उत्तरही येते. एक लाख होड्यांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाला. पैनगंगेच्या काठी फिरणाऱ्या वनरक्षकाला, पोडावर जाणाऱ्या आरोग्यसेविकेला आणि पायी भटकणाऱ्यालाही असेच स्वस्त, नोंदणीकृत यंत्र मिळायला हवे.

यंत्र हाती असले तरी आकाश उघडे लागते. इन्मारसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर एकाच जागी असतात. म्हणून विदर्भातून फोनचा अँटेना दक्षिणेकडच्या आकाशाला दाखवावा लागतो. नाल्याच्या तळाशी, दक्षिणेला दरड असेल, तर संपर्क तुटतो. सागाची रुंद पाने उन्हाळ्यात गळून जातात, पण पावसाळ्यात भिजलेल्या पानांचे छत संकेत अडवते. अशा वेळी शेताचा बांध किंवा टेकडीचा माथा गाठलेला बरा. चालता येत नसेल, तर निदान झाडोरा विरळ असेल तिथे सरकावे.

यंत्र नसलेल्यासाठी ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून हा क्रमांक लागू शकतो. नदीकाठी फोन पलीकडचा मनोरा पकडू शकतो आणि हाक तेलंगणाकडे जाऊ शकते. म्हणून पहिल्याच वाक्यात राज्य आणि तालुका सांगावा. वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हेही निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावेत. नुसते अक्षांश-रेखांश शोधपथकाला ठिकाण देतात, वाट देत नाहीत. जवळच्या पोडाचे नाव, नाल्याची कोणती बाजू, मुकुटबनकडून यायचे की पाटणकडून आणि गाडी कुठवर येते, एवढे संदेशात असले, तर पोडावरचा माणूस अंधारातही पथकाला आणून पोचवतो.