म्हातारपणाचे पेन्शन आणि घरची शुश्रूषा

भगिनींनो, गरीब म्हाताऱ्यांना सरकारने पेन्शन द्यावे ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी नव्हे. पहिला मान उत्तर प्रदेशाचा, १९५७ सालचा. आपली संजय गांधी निराधार योजना १९८० ची. केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ ला हात दिला, तो केवढा? पासष्टीपुढील निराधारास महिना ७५ रुपये!

बाकीचा भार मुलांवर. १९७३ च्या फौजदारी संहितेने आईबापांना पोटगीचा हक्क दिला. पण कलमातील शब्द पुल्लिंगी. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर लेकीने नेमके त्यावरच बोट ठेवले. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, लेकही बांधील आहे. मला तो पटतो. लग्नाने लेक परकी होत नाही.

परंतु सासूचे हगणेमुतणे काढण्यासाठी जी सून नोकरी सोडते, तिचे काय? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने वृद्धांना महिना १०,००० रुपयांपर्यंत पोटगीची सोय केली. तीत या सुनेच्या हाती पैही नाही. केरळाने मात्र 'आश्वासकिरणम्' योजना काढून, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्या नातेवाइकास महिना ६०० रुपये देऊ केले. रक्कम तुटपुंजी खरी, पण ती तिच्या नावावर होती.