अनोळखी मात्रा

धोतऱ्याचे फूल आपल्या घरांत महादेवाला वाहतात, पण त्याचे काटेरी बोंड मुलांच्या हाती लागू देत नाहीत. आयुर्वेदाने धोतऱ्याची गणना उपविषांत केली आणि बियांचे शोधन केल्यावाचून त्या वापरू नयेत असे सांगितले. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने या वनस्पतीची दुसरी बाजू नोंदविली आहे. चोर अन्नातून धोतरा खाऊ घालतात, खाणाऱ्याचे भान हरपते, तो हसत राहतो आणि त्याच्यादेखत घर लुटले जाते. वैद्याच्या हातून घेणाऱ्याला आपण काय व किती घेत आहोत हे ठाऊक असे; ऑर्ताने वर्णिलेल्या माणसाला यांपैकी काहीच ठाऊक नव्हते.

विसाव्या शतकात प्रयोगशाळांतून नवी भ्रमकारक द्रव्ये बाहेर पडली, तेव्हा हे अज्ञान फार मोठ्या प्रमाणावर पसरले. स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन याने १९ एप्रिल १९४३ रोजी एलएसडीची मात्रा स्वतःवर अजमावली. ती होती अवघी २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे पाव मिलिग्रॅम. अगदी थोडी म्हणून त्याने ती ठरविली होती. प्रत्यक्षात ती फार मोठी निघाली. तरीही द्रव्य कोणते आणि मात्रा किती याची नोंद त्याच्यापाशी होती, आणि सहायकाला सोबत घेऊन तो घरी पोहोचला.

कॅलिफोर्नियात ऑक्टोबर १९६६ मध्ये एलएसडीवर बंदी आली. पुढच्याच उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी वस्तीत हजारो तरुण जमले असता ‘एसटीपी’ नावाची एक नवी गोळी वाटली गेली. तिच्यात डीओएम हे द्रव्य होते. अलेक्झांडर शुल्गिन याने ते काही वर्षांपूर्वी तयार केले होते आणि काही मिलिग्रॅमनेच त्याचा पूर्ण परिणाम होई. वाटलेल्या गोळ्यांत मात्र ते २० मिलिग्रॅमपर्यंत भरलेले होते. शिवाय त्याचा अंमल सावकाश चढतो. तासभर काहीच जाणवेना म्हणून कित्येकांनी दुसरी गोळी घेतली, आणि मग तो अंमल दिवस उलटला तरी उतरेना. रुग्णालयांत आणलेल्या या मुलांनी नेमके काय घेतले आहे, हे सुरुवातीस डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते.

त्याच जूनमध्ये डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी त्या वस्तीत एक मोफत दवाखाना उघडला होता. तेथे आलेल्याला दोष दिला जात नसे. भेदरलेल्या मुलाला शांत खोलीत बसवीत, कोणीतरी जवळ राहून हलक्या आवाजात त्याच्याशी बोलत राही. हानी कमी करण्याचा जो विचार पुढे जगभर रुजला, त्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत या दवाखान्याची गणना करावी लागेल. व्यसनाचे समर्थन या विचारात नाही. चूक घडलीच, तर तिची किंमत प्राणाने मोजावी लागू नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

हॉलंडने हा विचार एक पाऊल पुढे नेला. १९९२ पासून तेथे बाजारातील नशेच्या गोळ्या तपासण्याची सरकारमान्य व्यवस्था आहे. कोणीही आपली गोळी नेऊन द्यावी आणि तिच्यात काय आहे ते जाणून घ्यावे. डिसेंबर २०१४ मध्ये तिथे ‘सुपरमॅन’ची खूण असलेली एक गुलाबी गोळी आली. ती एक्स्टसी म्हणून विकली जात होती; तपासणीत पीएमएमए हे घातक द्रव्य निघाले. त्याचाही अंमल उशिरा चढतो. म्हणजे १९६७ चाच सापळा पुन्हा मांडला गेला होता. डच यंत्रणेने तत्काळ देशभर इशारा दिला आणि तेथे या गोळीने कोणी दगावले नाही. समुद्रापलीकडे इंग्लंडमध्ये त्याच सुमारास तीच गोळी घेऊन चार तरुण मृत्यू पावले.

एलएसडीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कागदाच्या चिटोऱ्यांचेही असेच झाले. २००३ साली बर्लिनमध्ये मेंदूच्या अभ्यासासाठी वर्णिले गेलेले २५आय-एनबीओएमई हे द्रव्य पुढे त्या चिटोऱ्यांवर आले. त्याने कित्येक मृत्यू घडले आणि २०१५ मध्ये त्यावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आले. साध्या डोळ्यांनी दोन्ही चिटोरे सारखेच दिसतात.

हा इतिहास आम्हांस दूरचा वाटत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गोव्याच्या किनाऱ्यावर ही द्रव्ये येत राहिली, आणि आज इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या घरांतील नातवंडे सुट्टीला त्याच किनाऱ्यावर जातात. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आपल्या जागी आहे, आणि अशा द्रव्यांपासून दूर राहावे हेच आम्ही सांगू. पण एखाद्या रात्री दूरध्वनी आलाच, तर जुन्या घराण्यांची एक सवय घातक ठरू शकते. ती म्हणजे ‘बाहेर कळता कामा नये’ म्हणून मुलाला खोलीत झोपवून ठेवणे.

अंग तापणे, आकडी येणे, शुद्ध हरपणे ही लक्षणे झोपेने जाणारी नव्हेत. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवावे, अंग तापले असल्यास गार करावे आणि त्याला एकटे सोडू नये. काय घेतले, किती आणि केव्हा, हे डॉक्टरांना काही न लपविता सांगावे. गोळी वा कागद उरला असेल तर तो दाखवावा. नाव ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ असेच सांगावे, कारण चुकीच्या नावाने उपचारही चुकीच्या वाटेने जातात.

मुलांना रागावण्यास सवड पुढे पुष्कळ मिळते. त्या रात्री घरी कळविण्याची त्यांना भीती वाटू नये, एवढा विश्वास आधीच दिलेला असला पाहिजे. आपल्या घराण्यांनी दूरदेशी येऊन पिढ्यान्‌पिढ्या जी अब्रू जपली, ती मुलांसाठीच जपली, याचे विस्मरण होऊ नये.